‘प्रभूच्या चरणी टाक’ असं कोणाला आणि कधी सांगावं? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, सप्रेम सलाम.

समर्पणावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मोठी आहे, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी तिचा गाभा आधी सांगतो. तुमचं म्हणणं असं की, आपल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, समर्पणाचा उपदेश गरिबाला गप्प बसवण्यासाठीच वापरला जातो. सोयाबीन पाण्यात गेलं, पऱ्हाटीला बोंडअळी लागली, बँक आणि सावकार दोघांचा तगादा सुरू आहे, अशा तुमच्या शेजाऱ्याला पाळकांनी ‘सगळं प्रभूच्या चरणी टाक अन् शांत राहा’ एवढंच सांगितलं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईलाही तेच ऐकवलं. पुढे तुम्ही विचारता, ‘नशिबात होतं’ म्हणणारा आणि ‘प्रभूची इच्छा’ म्हणणारा, या दोघांत फरक काय? विदर्भातला शेतकरी आधीच हात टेकून बसलाय, त्याला आणखी शरण जायला कशाला शिकवता? आणि शेवटी, एकदा समर्पण केल्यावर तेच पुन्हा पुन्हा मागणं म्हणजे अविश्वास का?

तुमची तक्रार खरी आहे. पण ‘हा शब्दच मंडळीतून काढून टाका’ हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. बायबल ज्याला समर्पण म्हणतं, ते तुमच्या शेजाऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही.

अटकेच्या रात्रीचं, गेथशेमानेच्या बागेतलं येशूचं वाक्य आपल्याकडे अर्धंच वाचलं जातं. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधी येशूनं ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असं सरळ मागितलं, ते राहून जातं. मत्तयाचा 26वा अध्याय सावकाश वाचा. पहिल्या वेळी तो म्हणतो, शक्य असेल तर हा प्याला टळो. दुसऱ्या वेळी म्हणतो, मी प्यायल्याशिवाय तो टळत नसेल तर तुझी इच्छा. तिसऱ्यांदाही तेच शब्द. मागणं मांडत मांडतच तो ‘तुझी इच्छा’पर्यंत येतो. मधे जीव कासावीस होतो, लूक सांगतो तसा घाम गळतो, आणि ‘माझ्याबरोबर जागे राहा’ असं तो तीन मित्रांना विनवतो. शांत चेहऱ्यानं, एका दमात, एकट्यानं उरकलेलं ते काम नाही. त्याआधीच्या गोष्टीही पाहा. नासरेथात लोक त्याला कड्यावरून ढकलून द्यायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला. मेलेल्या लाजराला उठवल्यावर त्याला मारण्याची मसलत सुरू झाली, तेव्हा तो एफ्राईम गावी जाऊन राहिला. समोर आलेलं प्रत्येक संकट त्यानं पित्याची इच्छा म्हणून अंगावर घेतलं नाही.

नशिबाशी फरक इथंच आहे. नशिबाला कान नसतात, त्याच्याशी भांडता येत नाही. बायबलमधल्या देवाशी माणसं भांडली आहेत. सदोम नगराचा नाश टळावा म्हणून अब्राहामानं पन्नासांपासून घासाघीस करत दहा नीतिमानांपर्यंत आणलं. हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायातलं, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, हे वचन नापिकीच्या वर्षी हमखास वाचलं जातं. पण तो संदेष्टा तिथं पोचला तो ‘मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस?’ असं विचारून, तेही पहिल्याच अध्यायात. पहिला अध्याय गाळून तिसरा ऐकवला की दुःखी माणसाला वाटतं, रडणंही पाप आहे. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

आता हात-पाय हलवायचं बघू. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27. प्रेषित पौल ज्यावर होता ते जहाज चौदा दिवस वादळात सापडलेलं, वर 276 माणसं. एकाचाही जीव जाणार नाही, हा शब्द पौलाला देवाकडून मिळालेला आहे. तरी खलाशी होडी सोडून पळायला लागतात, तेव्हा तो शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला, सांगतो की हे जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. मग सगळ्यांना जेवायला लावतो. जेवण झाल्यावर गहू समुद्रात फेकून जहाज हलकं केलं जातं. शेवटी कोणी पोहत, कोणी फळीवरून काठाला लागतं. देवाचं वचन आणि माणसाची धडपड एकाच अध्यायात आहेत आणि पौलाला त्यात विरोध दिसत नाही. उलट मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं येशूला कोण सुचवतं? सैतान. औषध बंद करून किंवा पंचनाम्याला न जाता ‘प्रभू बघेल’ म्हणणं हे त्या उडीच्या जातीचं आहे.

याकोबाच्या 4:7 या एकाच वचनात दोन आज्ञा आहेत: देवाच्या अधीन व्हा, आणि सैतानाला अडवा. आपल्याकडे पहिलीवर प्रवचन होतं. तुमच्या भागात जमिनीचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, म्हणून दोन उदाहरणं देतो. अहाब राजानं नाबोथाचा द्राक्षमळा मागितला, बदल्यात चांगला मळा किंवा पैसे देऊ केले. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही, परमेश्वर तसं न करो. त्याचं देवाला शरण असणं राजाला नाही म्हणण्यात होतं. त्यासाठी त्याला जीव गमवावा लागला आणि देवानं एलीया संदेष्ट्याला पाठवून दोष राजाच्या माथी मारला. दुसरं गणना 27 मधलं. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहतात. बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसावं, आम्हाला वतन द्या, असं म्हणतात. देवाचा निकाल येतो: मुलींचं म्हणणं रास्त आहे. फेरफारातून बहिणींची नावं गाळून ‘ताई, समर्पित वृत्तीनं हक्क सोड’ म्हणणाऱ्या भावांनी हा अध्याय वाचावा. हक्क सोडणं हे देणाऱ्याच्या मनातून येतं. जमीन विकून आलेल्या हनन्याला प्रेषित पेत्र म्हणतो की जमीन विकण्याआधी तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. सक्तीनं काढून घेतलेल्याला नवा करार अर्पण म्हणत नाही.

मार खाणाऱ्या बाईबद्दल मी चर्चा करत बसणार नाही. समर्पण देवाला असतं, नवऱ्याच्या हाताला नाही. प्रमुख याजकापुढे शिपायानं चपराक मारली तेव्हा येशूनं त्याला विचारलं, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर का मारतोस? वधस्तंभाकडे निघालेला माणूस मारणाऱ्याला जाब विचारतो. इफिसकरांस पत्रात ‘स्त्रियांनो’ हे वाक्य येण्याआधी ‘एकमेकांच्या अधीन असा’ हे वाक्य येतं आणि नंतर नवऱ्यांना ख्रिस्तासारखं स्वतःला द्यायला सांगितलं जातं. मंडळीचं काम म्हणजे तिला सुरक्षित घरी पोचवणं, दवाखान्यात मार लागल्याची नोंद करून घेणं, 181 किंवा 112 वर फोन लावून देणं. 2005च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे तिच्याबरोबर जाणं. क्षमेचं बोलणं नंतर, आणि ते तिनं काढल्यावर.

मग हा गोंधळ आला कुठून? एक कारण इतिहासात आहे. आपल्याकडे आलेल्या काही मिशनांची, उदाहरणार्थ अलायन्स आणि नाझरीन यांची, मुळं अमेरिकेतल्या 19व्या शतकाच्या पवित्रीकरणाच्या चळवळीत आहेत. तिथं तारणानंतरची एक वेगळी पायरी म्हणून पूर्ण समर्पणावर भर होता. त्या शिकवणीनं पुष्कळ माणसं मनापासून सेवेला लागली, हे मी आदरानं म्हणतो. पण उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवण्यासाठी भरवलेल्या सभेत, ती तीन रात्रींवर येते, तेव्हा फक्त पुढे येऊन ‘सर्व वाहतो’ म्हणणं उरतं. ‘सर्व’ म्हणणं सोपं असतं, कारण त्यात कशाचंच नाव घ्यावं लागत नाही. घरी गेल्यावर धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण तसंच, दारू तशीच. काही आठवड्यांनी माणसाला वाटतं, आपलं समर्पणच खोटं होतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा पुढे येतो. दोष त्याच्या विश्वासात नाही, मोघम प्रार्थनेत आहे.

जकातदार जक्कयानं मोघम काही म्हटलं नाही, त्यानं आकडे सांगितले: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायानं घेतलेलं चौपट परत. नियमशास्त्रात कबुली देणाऱ्याला मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा भरायचा होता, म्हणजे हा त्याच्या कितीतरी पुढे गेला. समर्पण करायचं असेल तर कागद घ्या आणि एकच गोष्ट लिहा. समजा, धाकट्या भावाच्या वावरात दोन तास (नांगराच्या दोन ओळी) सरकलेला धुरा. तिच्याखाली तीन प्रश्न. यात माझ्या हातात नसलेलं काय? भावाचा राग. ते देवावर सोडा. यात माझं काम काय? मोजणीचा अर्ज भरणं. ते करा. आणि तिसरा: देवाचं म्हणणं कळत असूनही मी कुठं अडून बसलोय? समर्पणाची जागा ही तिसरी. उत्तर बहुधा एका ओळीचं असतं: दोन तास माझे नाहीत हे मला ठाऊक आहे. मग त्या आठवड्यातच एक कृती ठरवा, मंडळीतल्या एका भरवशाच्या माणसाला सांगा आणि त्याला विचारायची मोकळीक द्या. लूक 9:23 मध्ये वधस्तंभ ‘दररोज’ उचलायचा आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी मन फिरलं तर आदल्या दिवसाचं खोटं ठरत नाही. तोच कागद पुन्हा उघडायचा.

दानाच्या बाबतीत मला फार कळकळ आहे. ‘देवानं मला दाखवलंय, तू एवढं दे’ असं कोणी म्हणालं तर बिरुयातल्या लोकांसारखं शास्त्रात तपासून बघा. त्यांनी पौलालाही तपासलं आणि त्यांचं कौतुकच झालं. 2 करिंथकर 8:12 स्पष्ट आहे: जवळ जे असेल त्याप्रमाणे द्यावं, नसेल त्याप्रमाणे नाही. सावकाराकडून काढून दशांश देणं त्यात बसत नाही. आईबापाच्या औषधाचे पैसे ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावे लावणाऱ्यांना येशूनं फटकारलं होतं, तेही विसरू नका.

तर तुमच्या शेजाऱ्याला काय सांगायचं? आधी काहीच नाही, बसून ऐकायचं. मग प्रार्थना, आणि त्यात सोयाबीन, बँक, सावकार ही नावं घ्यायची. मग मंडळीतल्या दोघांनी त्याच्याबरोबर निघायचं. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक सोबत घ्यायचं. नुकसानीचा पंचनामा झाला का, त्यात त्याच्या गटाचा नंबर बरोबर पडला का, हे तलाठी आणि कृषी सहायकाकडे बघायचं. पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) 50 पैशांच्या आत लागली असेल तर पीककर्जाच्या पुनर्गठनाचं बँकेत लेखी विचारायचं आणि पोच घ्यायची. सावकार बिनपरवान्याचा असेल आणि कर्जापोटी जमिनीची खरेदी लिहून घेतली असेल, तर 2014च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते आणि अशी जमीन परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. हे सगळं करताना तो ‘प्रभू, निकाल तुझ्या हाती’ म्हणाला, तर त्या वाक्याला अर्थ येतो. काहीच न करता म्हणायला लावलं, तर ते त्याच्यावर आणखी एक ओझं होतं.

त्याच्या बोलण्यात ‘आता संपवून टाकावं’ असं काही आलं, तर उपदेश बिलकूल नको. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवानं त्याला झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर. अशा माणसाला एकटं सोडू नका, सरळ विचारा, फवारणीचं औषध घरातून दुसरीकडे हलवा. सरकारी दवाखान्यात न्या, आणि 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर रात्रीही लागतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पुन्हा पुन्हा मागण्याचा. लूकच्या 18व्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाचा पिच्छा सोडत नाही आणि येशू तिचंच उदाहरण देतो. पौलानं शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर मिळाल्यावर तो थांबला. उत्तर मिळालं म्हणून थांबला, कंटाळून किंवा कोणी गप्प केलं म्हणून नाही. तेव्हा उत्तर येईपर्यंत मागावं, आणि मागता मागता उपायही सुरू ठेवावेत. हिज्कीया राजानं आजारपणात रडून प्रार्थना केली, देवानं पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्यानं अंजिराचं पोटीस आणायला सांगून ते गळवावर बांधायला लावलं.