टर्मिनल शिकू नका म्हणणाऱ्यांना उत्तर

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपवर टर्मिनलबद्दल, म्हणजे कमांडा टाइप करून कॉम्प्युटरला काम सांगायच्या खिडकीबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘टर्मिनल पन्नास वर्षं जुनं. कमांडा पाठ कराव्या लागतात, एक चूक झाली की सगळं साफ. एआय असताना नव्या पोरांनी त्यात वेळ घालवू नये.’ नुकतीच नोकरीला लागलेली मुलं हे खरं मानतात, म्हणून लिहितोय.

जुनं आहेच. बेल लॅब्जमधल्या डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट पुढच्या कमांडला देणारी जोडणी, आणला, तो 1973 साली. पण काम अडतंय कुठे? परवा रामबागेत भाचा आला होता. वेब सर्व्हरची तीन जीबीची लॉग फाइल, म्हणजे आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंदवही, एडिटरमध्ये उघडली आणि लॅपटॉप जागचा हलेना. एक्सेलमध्ये तर एका शीटला 10,48,576 ओळींचीच मर्यादा. त्याला हवं होतं एवढंच, की सगळ्यात जास्त रिक्वेस्ट कुठल्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून येतात. ओळीतला पहिला शब्द म्हणजे आयपी. तो त्याने ‘कट’ने वेगळा काढला आणि पाइपमधून ‘यूनिक’ला मोजायला दिला. उत्तर विचित्र आलं: एकच आयपी पुन्हापुन्हा, कुठे 2 वेळा, कुठे 3. कारण यूनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. मध्ये ओळी क्रमाने लावणारं ‘सॉर्ट’ घालायला सांगितलं, शेवटी आकड्यांप्रमाणे उलटं सॉर्ट आणि वरच्या दहा ओळींपुरतं ‘हेड’. चहा निवायच्या आत यादी समोर होती. मेमरी कमी पडली तर सॉर्ट डिस्कवर तात्पुरत्या फाइली करून काम पुरं करतं, म्हणून लॅपटॉप अडकला नाही.

पाठांतराचं म्हणाल, तर टर्मिनलमध्ये कमांडा चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रामात कंट्रोल आर दाबा आणि जुन्या कमांडची काही अक्षरं टाइप करा, ती आपोआप समोर येते. मीही रोज तेच करतो.

धोक्याचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. फाइल काढून टाकणाऱ्या ‘आरएम’ कमांडने उडवलेली फाइल कचरापेटीत जात नाही. म्हणून मी जुन्या फाइली काढताना आधी नुसतं फाइली शोधणारं ‘फाइंड’ चालवतो, आलेली यादी नीट वाचतो, मगच त्याच कमांडच्या शेवटी ‘डिलीट’ जोडतो. शेवटीच, कारण फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. डिलीट नावाच्या अटीआधी आलं, तर ते नाव बघतच नाही, फोल्डरमधलं सगळं उडवत सुटतं.

एआय अशी कमांड चुटकीसरशी लिहून देतो. पण त्यात डिलीट कुठे बसलंय, हे एंटर दाबण्याआधी तुम्हालाच वाचता यायला हवं.