उरलेल्या गोळ्या नाल्यात टाकण्याची रीत

पावसाळा तोंडावर आला की फडताळातली औषधांची कॅरीबॅग एकदा झटकून घ्यावी. मागच्या तापाच्या चार गोळ्या, आजीच्या फिटच्या औषधाचं अर्धं पाकीट, झाकणाला चिकटलेली खोकल्याची बाटली, असा ऐवज निघेल. तो गावाबाहेरच्या नाल्यात टाकून या. तेवढं चालवत नसेल तर उकिरड्यावर टाका, पहिल्या दमदार पावसात तो आपल्या पायानं नाल्यात जातो. मेडिकलवाल्याला परत द्यायला मात्र जाऊ नका. उष्टी भजी परत करायला आल्यासारखा तो तुमच्याकडे पाहील.

संडासात टाकलं तरी हरकत नाही. त्याला तर दिल्लीचा आधार आहे. केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये फेन्टानिल, ट्रामाडॉल या जबर वेदनाशामकांसारख्या १७ औषधांची यादी काढली आणि उरली तर संडासात टाकून पाणी ओता, असं सांगितलं. घरातल्या पोरानं चुकून खाल्ली तर जीव जाईल, म्हणून. बाकीच्या औषधांना ही सवलत नव्हती, पण यादी वाचायला सवड कुणाला आहे? शिवाय आपल्याकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास. त्याला पक्का तळ नसतोच. पाणी जमिनीत मुरावं म्हणूनच तो खणलेला. हातपंप पलीकडच्याच अंगणात आहे, म्हणजे दूर जायचं काम नाही.

आता गोळ्या उरवायच्या कशा? सोपं आहे. डॉक्टरनं पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स दिला की दुसऱ्या दिवशी थांबायचं. कुणी टोकलं तर म्हणायचं, ‘काऊन, ताप उतरला न?’ पण तुम्ही शिस्तीचे असाल आणि सगळ्या गोळ्या खात असाल, तरी मन खट्टू करू नका. नदीचा वाटा कुठं जात नाही. साखरेसाठी घेता ते मेटफॉर्मिन शरीरात मोडतच नाही, जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. २०२२ मध्ये १०४ देशांतल्या २५८ नद्यांच्या पाण्याचा अभ्यास छापून आला. त्यात वारंवार सापडलेल्या औषधांत हे मेटफॉर्मिन होतं आणि आजीच्या फिटवरचं कार्बामाझेपिनही.

म्हणून भंडाऱ्याच्या, पवनीच्या मंडळींनी तर उगाच काळजी करू नये. पूर्व विदर्भातला रोगी बरा व्हायला नागपूरला जातो, आणि तो डिस्चार्ज घेऊन एसटीनं परतायच्या आत त्याचं औषध नदीनं निघालेलं असतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीत, नाग कन्हानमध्ये, कन्हान वैनगंगेत, आणि वैनगंगा गोसेखुर्दच्या जलाशयात अडवलेली. धरण सिंचनासाठी बांधलं, हे खरं. पण अख्ख्या शहराचा काढा असा एका जागी साठवून ठेवण्याची सोय दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला आहे? मध्ये शुद्धीकरण केंद्रं लागतात म्हणून धास्तावू नका. ती मैला आणि घाण उतरवण्यासाठी असतात. कार्बामाझेपिन त्यांच्यातून जवळजवळ अंगाला ओरखडा न लागता निसटतं. पाण्यात उतरून अंगाला खाज सुटते म्हणणाऱ्या, मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरबांधवांना सांगा, बाप्पा, याच पाण्यात खाजेचंही औषध असेल, जरा धीर धरा.

गोठ्यात तर दानधर्माला अजून वाव आहे. गायीची कास सुजली की अँटिबायोटिकची सुई टोचून घ्या, आणि दूध किती दिवस विकायचं नाही हे विचारू नका. उरलेलं औषध शेणातून वावरात जाईलच. बैल लंगडला तर दुखण्यावर डायक्लोफेनॅक मागा. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, म्हणून बरीच वर्षं माणसांच्या नावाची मोठी कुपी बैलाला लागत राहिली. २०१५ मध्ये सरकारनं कुपी ३ मिलीची केली, तर एकाऐवजी चार घ्यायच्या! हे औषध टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून हजारात एक उरेपर्यंत घटली. आता ढोरफोडीवरचं मढं नाल्याकाठी निवांत सडतं, कुणी घाई करत नाही. मेलॉक्सिकॅम नावाचं एक औषध गिधाडांना बाधत नाही म्हणतात. त्याचं नाव लक्षात ठेवायची गरज नाही.

कधी वाटलंच की आपण फार घाण करतो, तर तेलंगणातल्या पाटणचेरूकडे पाहा. तिथं जवळजवळ ९० औषध कारखान्यांचं पाणी एका केंद्रात शुद्ध व्हायचं. त्या शुद्ध झालेल्या पाण्यात सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक इतकं निघालं, की ते औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही एवढं नसतं. हे २००७ मध्ये जगजाहीर झालं. तिथले ओढे मांजरेत जातात, मांजरा गोदावरीत. आपली वैनगंगाही प्राणहिता होऊन गोदावरीलाच मिळते. सोयरीक जुनी आहे. सरकारनं जानेवारी २०२० मध्ये कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती असावं याच्या मर्यादा मसुद्यात लिहिल्याही होत्या. २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गळालेल्या होत्या. गोळी जशी खिशातून पडते, तशा.

गावपातळीवर तुम्हाला एवढंच सांभाळायचं आहे. गावचं पाणी तपासणारा जलसुरक्षक पेटी घेऊन येईल, क्लोराइड पाहील, नायट्रेट पाहील, फ्लोराइड पाहील, जंतूंच्या बाटलीचं पाणी काळं होतं का ते पाहील. औषधांचा रकाना त्याच्या कागदावर नाही. आदल्या दिवशी विहिरीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकून ठेवा, पाणी चांगलं असल्याचं हिरवं कार्ड मिळेल. ते फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावा. ग्रामसभेत एखाद्या मास्तरीणबाईनं ‘गोळ्यांचं काय?’ असं विचारलंच, तर प्रश्न उत्तम आहे म्हणा आणि तो ऐनवेळच्या विषयांत घ्या. तिथवर पोचेपर्यंत सतरंजी गुंडाळायला सुरुवात झालेली असते.