मासे माझेही मेलेत

‘अनामिक’ यांस,

गणपतीआधी माशांची टाकी कशी साफ करावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते बाकीच्यांसाठी आधी इथे देतो: “बादलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यातून क्लोरीन उडतो, क्लोरामाइन नाही. टेस्ट किट न वापरता पाणी ‘चांगलं’ कशावरून ठरवलंत? नायट्राइट आणि नायट्रेटची गल्लत केली आहे. आधी जरा अभ्यास करा, मग लोकांना शिकवा. मासे त्यांचे मरतात, तुमचे नाही.”

गल्लत मान्य. माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं जीवाणूंमुळे आधी नायट्राइट होतं आणि मग नायट्रेट. मी दोन्ही ठिकाणी नायट्रेटच टाइप केलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

आता ते शेवटचं वाक्य. ‘मासे तुमचे नाही मरत.’ अहो, नाव न लिहिता कमेंट टाकणाऱ्याला माझ्या घरात कधी काय मेलं हे कुठून कळलं?

२००९. कोपरखैरण्याचं आमचं वन-रूम-किचन, तीन फुटी टाकी, चार ओरांडा गोल्डफिश. शनिवारी सोसायटीने गच्चीवरची टाकी धुऊन घेतली, संध्याकाळी नळाला पाणी आलं. त्याला ब्लीचिंगचा वास होता, हे मला नंतर आठवलं. रविवारी पाहुणे येणार म्हणून मी घाईत अर्धी टाकी रिकामी करून सरळ नळाच्या पाण्याने भरली. वर फिल्टरचा स्पंज त्याच नळाखाली धरून पार पांढरा होईपर्यंत पिळला. काय समाधान वाटलं होतं तेव्हा! रात्री दोनला उठलो तर चारही मासे वर येऊन तोंड मारत होते, कल्ले लालभडक. बायको टॉर्च धरून म्हणाली, “पाणी तर एकदम स्वच्छ दिसतंय.” दिसतच होतं. मागची भिंत आरपार दिसत होती.

पहाटे पहिला कलला. दुसरा मंगळवारी, तिसरा गुरुवारी. क्लोरीनने कल्ले जाळले ते जाळलेच, शिवाय स्पंजमधले जे जीवाणू अमोनिया खातात तेही मी स्वतःच्या हातांनी मारले होते. माशांची विष्ठा, कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया, सगळं त्या आरपार पाण्यात साठत गेलं. चौथा वाचला, कारण पुढचे बारा दिवस मी सकाळ-संध्याकाळ वीस टक्के पाणी बदलत होतो. तिघेही बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत आहेत. कढीपत्ता मात्र जोमात आला, ते असो.

‘स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा’ हे वाक्य लेखात आहे ते तिथून आलंय. पुस्तकातून नाही. त्या आठवड्यापासून मी वही ठेवतो: तारीख, किती पाणी काढलं, कोण जेवलं नाही, कोणाचे पंख मिटलेले. आज पाचवी वही चालू आहे. याला अभ्यास म्हणत नसतील तर कशाला म्हणतात ते तुम्हीच सांगा. ‘जरा’ या शब्दाचा तर मला विशेष राग आला. हाच मुद्दा तुम्ही ‘एक शंका आहे’ म्हणून लिहिला असतात तर मी स्वतः फोन करून बोललो असतो. पण हल्ली चार व्हिडिओ पाहिले की समोरचा अडाणीच वाटतो लोकांना.

पाणी तपासायच्या किटचं म्हणाल, तर एकट्या अमोनियाच्या आकड्याने काही कळत नाही. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, त्याचा आकडा) ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो, पाणी गरम असलं तर आणखी जास्त. म्हणजे पीएचही मोजा, तापमानही मोजा. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल मोजावं, मी कुणाला अडवलेलं नाही. मी माशाकडे बघतो. (२००९ला बघायला उशीर झाला होता, हे तुम्ही म्हणणारच. म्हणा.)

आणि क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनलेलं, पाण्यात जास्त टिकणारं जंतुनाशक. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय. ज्याला धाकधूक वाटते त्याने हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) टाकावं. क्लोरामाइन फुटतं, मागे थोडा अमोनिया उरतो, तो फिल्टर खातो, जर फिल्टर जिवंत असेल तर. विषय संपला.

तुमची कमेंट मी उडवलेली नाही आणि उडवणार नाही. पुढच्या वेळी नाव तेवढं लिहा. आज रविवार, पाणी बदलायचंय. बादली कालपासून बाल्कनीत भरून ठेवली आहे. आणि हो, हायपो टाकलंय.