मक्याच्या ओळींमधला चारा

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेतीचा वाद पेटला की दोनच गट पडतात. एक म्हणतो, तणनाशक सोसणारं कपाशीचं बियाणं मोकळं करा. 2019 साली शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात ते बंदी झुगारून जाहीरपणे पेरलंही होतं. दुसऱ्याच्या मते देशी गाय आणि जीवामृत, बाकी सगळं विष. मी पश्चिम केनियात, किसुमूला राहतो. हा वाद वाचताना मला झेयाउर खान यांचं काम आठवतं.

खान भारतात जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ. व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिटा इथे, 'इसिपे' या संशोधन संस्थेच्या केंद्रात, 1990च्या दशकापासून ते राबले. इथल्या एक-दोन एकरवाल्याचा मका खोडकिडा आणि टारफुला मिळून फस्त करतात. टारफुला म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारं तण. आपल्या ज्वारीत येतो तोच, फक्त जात वेगळी, फुलं गुलाबी-जांभळी. तो जमिनीवर दिसेपर्यंत पिकाचं नुकसान होऊन गेलेलं असतं, आणि एकेक रोप हजारो बिया मातीत सोडून जातं.

खान आणि इंग्लंडच्या रॉथमस्टेड या शेती संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांनी मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे चाऱ्याचं द्विदल लावलं आणि शेताच्या कडेने नेपियर गवत. डेस्मोडियमचा वास खोडकिड्याच्या पतंगाला पळवतो, नेपियरचा ओढून घेतो. शिवाय डेस्मोडियमच्या मुळांतला स्राव टारफुल्याचं बी उगवायला लावतो, पण मक्याच्या मुळाला चिकटू देत नाही. ते उपाशी मरतं. जमिनीला नत्र मिळतो, गोठ्याला चारा.

वासातली रसायनं प्रयोगशाळेत वेगळी काढून उभं राहिलेलं हे पक्कं विज्ञान आहे. पण एकदा लागलेलं डेस्मोडियम वर्षानुवर्षं टिकतं, दर हंगामाला विकायला त्यात काही उरत नाही. मग कुठली कंपनी यावर पैसा लावेल? तो सार्वजनिक निधीतूनच यावा लागतो, आणि आपल्या वादात त्याचं नावही निघत नाही.

हे जसंच्या तसं सोलापुरात चालेल असं मी म्हणत नाही. पहिल्या हंगामात खुरपणी वाढते, बी महाग पडतं, आणि सुगीनंतर गुरं मोकळी सुटतात तिथे डेस्मोडियम जगणं कठीण. तिथला चारा, तिथलं द्विदल वेगळं शोधावं लागेल. त्यासाठी राहुरी-परभणीच्या विद्यापीठांतल्या रिकाम्या जागा भरा आणि एखाद्या कीटकशास्त्रज्ञाला मंगळवेढ्याच्या ज्वारीत वीस वर्षं बदलीशिवाय काम करू द्या. बियाण्याच्या परवानगीवर भांडणाऱ्या दोन्ही गटांनी आमदाराकडे आधी हे मागावं.