२०१८ चा पोकाल फ्रँकफर्टला रेफरीने दिला म्हणे!

जर्मन कपची, म्हणजे पोकालची, फायनल जवळ आली की तो मेसेज परत फिरायला लागतो, की २०१८ ला बर्लिनमध्ये बायर्न म्युनिकला लुटलं, इंज्युरी टाइममध्ये धडधडीत पेनल्टी होती ती दिली नाही, फ्रँकफर्टचा दुसरा गोल पण हँडबॉल, आणि तसंही बायर्नवाले दमलेले होते. सोबत बायर्नचा यावी मार्टिनेझ खाली पडतो तेवढीच क्लिप. मॅच फ्रँकफर्टने ३-१ जिंकली होती राव, त्या क्लिपच्या आधी ९० मिनिटं होती, ती पण बघा की.

आधी पेनल्टीचं बोलू, कारण तिथे त्यांचं अर्धं बरोबर आहे. फ्रँकफर्टच्या केविन-प्रिन्स बोआटेंगचा पाय मार्टिनेझला लागला होता आणि माझ्या मते ती पेनल्टी द्यायला हवी होती. रेफरी फेलिक्स झ्वायरने स्वतः मॉनिटरवर जाऊन बघितलं आणि तरी कॉर्नर दिला, बायर्न फॅन्सचा संताप मला समजतो. पण तेव्हा स्कोअर काय होता? फ्रँकफर्ट २-१ पुढे. पेनल्टी मिळाली असती आणि आत गेली असती तरी २-२, म्हणजे एक्स्ट्रा टाइम. मेसेजवाले मात्र थेट कप बायर्नच्या हातात देऊन मोकळे होतात. तिसरा गोल पण त्याच कॉर्नरवरून झाला, बायर्नचा गोली उलराइश सगळं सोडून वर आला, बॉल क्लिअर झाला आणि फ्रँकफर्टचा गाचिनोविच रिकाम्या गोलकडे एकटा पळत सुटला.

हँडबॉलचं म्हणाल तर ८२ व्या मिनिटाचा तो गोल पण व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ रेफरीने, तपासला होता. आणि गोलच्या आधी चुकून हाताला लागलं तरी गोल रद्द, हा नियम २०१९ ला आला, २०१८ ला हात मुद्दाम लावला का एवढंच बघायचे. नंतरचा नियम आधीच्या मॅचला लावून "चोरी" म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आणि त्या गोलमध्ये बघायचं ते वेगळंच आहे. दा कोस्टाने मागून लांब बॉल टाकला, पुढे बायर्नचे डिफेंडर हुमेल्स आणि झ्यूले दोघं, आणि फ्रँकफर्टचा आंटे रेबिच त्या दोघांना पळण्यात मागे टाकून उलराइशच्या समोर. हे नशीब नव्हतं, ठरवलेलं होतं. मॅचनंतर बोआटेंगनेच सांगितलं की रेबिच त्याला म्हणाला होता, भावा, बॉल लांब मार! पहिला गोल पण तसाच, ११ व्या मिनिटाला मिडफिल्डमध्ये बायर्नच्या हामेसकडून बॉल गेला, बोआटेंगने पुढे दिला, रेबिचने खाली कोपऱ्यात मारला. बायर्नची डिफेन्स लाइन वर असते, तिच्या मागे पळायचं, हाच प्लॅन होता आणि तो दोनदा चालला.

दमलेले होते म्हणे. बायर्नने लीग २१ पॉइंटच्या फरकाने जिंकली होती, चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदकडून बाहेर पडून अडीच आठवडे झाले होते, कोच युप हाइन्केसची शेवटची मॅच होती. बायर्नच्या लेवांडोव्स्कीची फ्री किक सुरुवातीलाच बारला लागली, ५३ व्या मिनिटाला त्यानेच बरोबरी केली, आणि नंतर जवळजवळ अर्धा तास १-१ होतं. त्या अर्ध्या तासात रेफरीने काय अडवलं होतं? आणि आदल्या शनिवारी हाच बायर्न घरच्या ग्राउंडवर श्टुटगार्टकडून ४-१ हरला होता, त्याचा मेसेज कधी कोणी फिरवलेला मी पाहिला नाही.

उलट फ्रँकफर्टचं बघा. लीगमध्ये आठवे, शेवटच्या दिवशी शाल्केकडून हरून लीगमधून युरोपच्या स्पर्धेचा रस्ता बंद, फायनल हरले असते तर कपमधून मिळणारी युरोपची जागा सातव्या नंबरच्या श्टुटगार्टला जाणार होती. कोच निको कोवाच पुढच्या सीझनला बायर्नलाच जाणार हे एप्रिलमध्येच जाहीर झालेलं, त्यावरून फ्रँकफर्टमध्ये किती वातावरण तापलं होतं. आदल्याच वर्षी हीच फायनल डॉर्टमुंडकडून २-१ हरले होते, त्यातही गोल रेबिचचाच. १९८८ नंतर एकही ट्रॉफी नाही. एवढं सगळं डोक्यावर घेऊन उतरलेल्या टीमने बायर्नला तीन गोल मारले, आणि त्यांच्या वाट्याला तुम्ही एक पेनल्टीची क्लिप ठेवता?