आधी उत्तर ठरवा, मग बाळ आणा

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवते. 'राजकारणावर लिहू नकोस' असं घरातून बजावलंय, म्हणून बाळांवर लिहितेय.

तान्ही मुलं कशी शिकतात, याचा मी अभ्यास करते. राहते ठाण्यात, घोडबंदर रोडला. काम बरंचसं कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात, लोकांच्या घरी जाऊन. नातेवाइकांना अजून हे काम नीट कळलेलं नाही. एक आत्या सगळ्यांना 'ती बालवाडीत असते' असं सांगते आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण दुरुस्त करायला फार वेळ लागतो.

बाळाला प्रश्न विचारता येत नाही. मग ते कुठे बघतं आणि किती वेळ बघतं, ते मोजायचं. आई खुर्चीत, बाळ मांडीवर, डाव्या-उजव्या बाजूला एकेक दिवा आणि स्पीकर. दिवा लुकलुकला की बाळ मान वळवतं, आवाज सुरू होतो. त्याने तोंड फिरवलं की आवाज बंद. मधेच शी होते, भोकाड पसरलं जातं, झोप लागते, आणि त्या दिवसाचं काम तिथेच संपतं. १९९६ साली अमेरिकेत सॅफ्रन, अ‍ॅस्लिन आणि न्यूपोर्ट या तिघांनी आठ महिन्यांच्या बाळांना जेमतेम दोन मिनिटं निरर्थक अक्षरांची सलग माळ ऐकवली. कुठल्या अक्षरामागून कुठलं अक्षर हमखास येतं याचा हिशेब बाळं आपसूक ठेवतात, हे त्यातून दिसलं. आमच्या क्षेत्रातलं पुढचं बरंच काम तिथून फुटलंय.

त्या खुर्चीतल्या आईच्या कानांवर आम्ही हेडफोन चढवतो आणि त्यात गाणी लावतो. तिला स्पीकरवरचं ऐकू आलं तर ती नकळत अंग सावरेल, श्वास धरेल, आणि बाळ आईच्या अंगावरून अंदाज घेऊन मान वळवेल. बाळ किती वेळ बघतंय ते मोजायला बटण दाबणाऱ्या मुलीलाही आत काय वाजतंय ते कळू द्यायचं नाही. इतका सगळा खटाटोप कशासाठी, तर आपल्याला हवं असलेलं उत्तर आपणच बाळाकडून वदवून घेऊ नये. तिथे बाहेरून कुणीतरी येतो आणि उत्तर आधीच हातात ठेवतो, तेव्हा माझं डोकं का फिरतं ते लक्षात येईल.

मागे नौपाड्यातल्या एका कार्यक्रमात गर्भातल्या शिक्षणावर बोलायला बोलावलं होतं. विषय आवडीचा. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं होतं की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं चोखण्याची लय बदलून परक्या बाईऐवजी स्वतःच्या आईचा आवाज मिळवतात. म्हणजे पोटात असतानाच तो आवाज ओळखीचा झालेला असतो. एवढं मी सांगणार होते. पुढच्या स्लाइडवर होतं की बुद्धी, रंग, देशभक्ती यातलं काहीही यावरून ठरत नाही. (देशभक्ती मी घुसडली नव्हती, ती त्यांच्या निमंत्रणपत्रिकेतच होती.) आदल्या रात्री आयोजकांचा फोन आला.

"ताई, सगळं छानच आहे हो. तेवढी एक स्लाइड काढा. वरून पाहुणे यायचेत."

"पाहुण्यांवर संस्कार झालेले असतील तर घेतील ऐकून."

ते मनापासून हसले. मग म्हणाले, "नाही, पण काढाच."

मी गेले नाही. त्यांनी दुसरा वक्ता आणला आणि हॉल तुडुंब भरला होता, असं शेजारच्या वहिनींनी कौतुकाने सांगितलं.

हे वाचून काहीजण माना डोलवत असतील, की बघा, ही त्या आयोजकांच्या बाजूची नाहीच. थांबा. गेल्या वर्षीचा हिंदीचा वाद आठवतोय ना? १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय आला, १७ जूनला शब्द मवाळ करून दुसरा आला, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत माझा फोन जितका वाजला तितका एरवी वर्षभरात वाजत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: लहान मुलांच्या मेंदूला तीन भाषा झेपतात की नाही? हो किंवा नाही सांगा, आम्हाला व्हिडिओ करायचाय.

झेपतात. यात वाद नाही. आपल्याकडे भाजीवाली, शेजारी, आजी आणि टीव्ही मिळून चार भाषा कानावर पडत असतात आणि मुलं मजेत वाढतात. पण लगेच पुढचं सांगावं लागतं. २००३ साली पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा वेळा मँडरिन ऐकवली. समोर बसून, पुस्तक-खेळणी घेऊन बोलणाऱ्या माणसाकडून बाळं ते आवाज वेगळे ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तर काही शिकली नाहीत. तेव्हा भाषा लागते ती माणसाकडून, जिव्हाळ्याने. पहिलीच्या वर्गातलं आणखी एक पुस्तक, तेही ज्या शिक्षकाला मुळात दोन वर्ग सांभाळायचे आहेत त्याच्या हातून, ही वेगळीच गोष्ट आहे, आणि बाळांवरचे आमचे प्रयोग त्याबद्दल काही म्हणत नाहीत. सक्तीला माझा विरोधच होता. तो शिक्षक, तास आणि मराठीचं शाळेतलं स्थान यांवरून होता. त्यात मेंदूला ओढायचं कारण नव्हतं.

हे मी सांगितलं आणि दोन्हीकडून मार खाल्ला. एकाने फक्त 'झेपतात' एवढंच कापून फिरवलं. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे माझेच लोक, ज्यांच्याबरोबर मी मराठी शाळांसाठी सह्या गोळा करत फिरलेय, ते म्हणाले, "मॅडम, ही वेळ आहे का असं बोलायची?" एकीने तर विचारलं, किती मिळाले. ते अजून बोचतं. शत्रूने स्लाइड काढायला सांगितली तर निदान बरं वाटतं, आपण काहीतरी केलंय असं. आपल्यांनी सांगितली की माणूस गप्प बसतो.

आता जरा जुनं. ४ जुलै १९३६ रोजी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने एक ठराव करून 'पेडॉलॉजी' म्हणजे बालअभ्यास ही अख्खी शाखाच बंद केली. निमित्त होतं चाचण्यांचं. त्यांतून कामगार-शेतकऱ्यांची बरीच मुलं मागे असल्याचं निघत होतं आणि त्यांना खास शाळांत टाकलं जात होतं. चाचण्या चुकीच्या होत्या का? पुष्कळ होत्या. त्यावर भांडायला हवं होतं, प्रयोगशाळेत आणि मासिकांत. पक्षाने भांडण मिटवलं आणि विषयही. तिथले मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की तोवर क्षयाने गेलेले होते, वयाच्या ३७ व्या वर्षी, १९३४ मध्ये. त्यांचं भाषा आणि विचार यांवरचं पुस्तक पुन्हा छापायला १९५६ उजाडलं. आज डी.एड.च्या प्रत्येक पोराला त्यांचं नाव पाठ असतं, मधल्या वीस वर्षांबद्दल कुणी विचारत नाही.

दुसऱ्या टोकाचंही घ्या. मुसोलिनीने सुरुवातीला माँटेसरींना डोक्यावर घेतलं होतं. इटलीच्या अभिमानाची पद्धत म्हणून. मग त्याच्या सरकारला शिक्षक आपल्या तंत्राने हवे झाले, खटके उडाले आणि तिथल्या माँटेसरी शाळा बंद झाल्या. बाई १९३९ ला भारतात आल्या. इथे इंग्रजांनी त्यांना शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरवलं, तो आणखी एक विनोद.

डावे, उजवे, साम्राज्यवाले, सगळ्यांना लहान मूल हवं असतं कारण ते सगळ्यांत आधी खरं सांगतं. बाईला काम मिळालं का, धान्य आलं का, पाणी कुठून आणतात, हे सरकारी अहवालात दिसायच्या आधी बाळाच्या वजनात दिसतं, रक्तात दिसतं. मुंबईत, देवनारला, लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षय ६७.१ टक्के निघाला. आधीच्या फेरीत ५८.६ होता. जुलै २०२३ मध्ये त्या संस्थेच्या संचालकांना निलंबित केलं. अधिकृत कारण नोकरभरतीतल्या अनियमिततेचं. त्यातलं खरंखोटं मला ठाऊक नाही आणि मी न्यायाधीशही नाही. पुढच्या फेरीतून रक्तक्षयाची चाचणीच वगळली. त्यामागे शास्त्रीय मुद्दा आहे, तो लपवणार नाही: बोटातून घेतलेल्या थेंबापेक्षा शिरेतून घेतलेलं रक्त जास्त भरवशाचं. मग दोन्ही पद्धती एक फेरी शेजारी-शेजारी चालवा ना. तसं केलं तर जुना आणि नवा आकडा एकमेकांशी ताडता येतो. नाही केलं तर धागा तुटतो, आणि तो तुटणं कुणाच्या सोयीचं आहे हे कळायला पीएचडी लागत नाही.

२०२३ मध्ये अशोका विद्यापीठातल्या सब्यसाची दास या अर्थशास्त्रज्ञाने निवडणुकांच्या आकड्यांवर एक शोधनिबंध लिहिला. टीका झाली, ती व्हायलाच हवी. पण विद्यापीठाने हात झटकले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला. अमेरिकेचे दाखले देणाऱ्यांनी तिकडेही बघावं: एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हार्वर्ड विद्यापीठाचं दोन अब्ज डॉलरहून जास्त अनुदान गोठवलं. माझ्या ओळखीच्या तिथल्या एका मैत्रिणीने बाळांचा अर्धा झालेला अभ्यास थांबवला. सहा महिन्यांचं बाळ निधी परत येईपर्यंत सहा महिन्यांचंच राहत नाही. हे साधं गणित कुठल्याच वित्त विभागाला समजावता येत नाही.

'तेव्हा कुठे होतात?' हा प्रश्न कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच. जानेवारी २००४ मध्ये पुण्यातल्या भांडारकर संशोधन संस्थेवर हल्ला झाला तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. मे २०१२ मध्ये पाठ्यपुस्तकातल्या व्यंगचित्रावरून पुण्यात राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकरांचं कार्यालय फोडलं, तेव्हा दिल्लीतही तेच होते. त्याच पळशीकरांना २०२३ मध्ये ती पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीला लिहावं लागलं, की पुस्तकांत इतकी काटछाट केलीत, आता त्यावरून माझं नावही काढा. एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही राजवटी.

मला हल्ल्यांची भीती कमी वाटते. हल्ला पेपरात येतो. आमच्याकडे जे होतं ते कुठेच येत नाही. माझी एक विद्यार्थिनी आहे, दिवा भागातलीच. घरात बाळाच्या कानावर दिवसभरात किती बोलणं पडतं आणि ते कशाने कमी-जास्त होतं, असा तिचा विषय. प्रश्नावलीत तिने एक ओळ लिहिली: 'गेल्या वर्षभरात घर पाडलं गेल्यामुळे जागा सोडावी लागली का?' एका वरिष्ठांनी पेन्सिलीने त्यावर हलकी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'घर बदलले का?' माणूस वाईट नाही. मुलीला पुढे नोकरी मिळावी, फाइल अडकू नये, एवढीच त्यांची इच्छा. पण स्वतःहून मोठ्या खोलीत गेलेलं कुटुंब आणि सामान रस्त्यावर काढून मेव्हण्याकडे राहायला गेलेलं कुटुंब एकाच खणात टाकलं, तर हाती येणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तिथे आई दिवसदिवस बोलत नाही. मी अशा एका घरात बसलेय. बाळ पंख्याकडे बघत होतं आणि आई मोबाइलवर कुणालातरी कागदपत्रांचे फोटो पाठवत होती.

ठाणे जिल्ह्याला या बाबतीत खरं तर मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. आता तो भाग पालघरमध्ये गेला, तेव्हा आपलाच होता. त्याच वर्षी त्याच मुलखात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला होता. मुलं शाळेत का येत नाहीत, तर गुरं चारायला जातात, हे बघून या बायकांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. 'मुलं अनियमित आहेत' एवढं लिहून त्या थांबल्या असत्या तर कुणाच्याच डोळ्यांवर आल्या नसत्या.

विद्यार्थिनीने विचारलं, मॅडम, काय करू? मी म्हटलं, निर्णय तुझा, सही माझी. तिने दोन्ही प्रश्न ठेवलेत, घर बदललं का, आणि पाडलं गेलं म्हणून का. प्रश्नावली मंजूर करणाऱ्या समितीची बैठक दिवाळीनंतर आहे. तोवर तिने पूर्ण प्रश्नावली तारखेसकट संशोधनाच्या खुल्या ऑनलाइन नोंदणीत टाकून ठेवलीय, म्हणजे पुढे एखादा प्रश्न गळला तर तो आधी होता हे कुणालाही उघडून बघता येईल.