“इमान ते आपोआप उडस, तुले काय काम शे तठे?”

गेल्या आठवड्यात आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. डोक्यावर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी पाटी. मजकूर थोडक्यात असा: परदेशी विमानं चालवणारा पायलट ही सगळ्यात आरामाची नोकरी. विमान आपोआप उडतं, पायलट वर झोपा काढतात. कायद्यानंच वर्षाला १००० तास, म्हणजे दिवसाला पावणेतीन तास काम. बाकी वेळ फुकटात लंडन-पॅरिस आणि पंचतारांकित हॉटेल. शेवटी सल्ला: शेत विका पण पोराला पायलट करा, दीड वर्षात महिना आठ लाख.

खाली माझ्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, अहिराणीत ती ओळ टाकली जी मी वर मथळ्याला घेतली आहे: विमान तर आपोआप उडतं, तुला काय काम आहे तिथं? नाना चोपडा तालुक्यात केळी करतात. मी चौदा वर्षं विमान चालवतोय, त्यातली सात लांबच्या पल्ल्याची. चेष्टेला हसून सोडून दिलं असतं, पण मेसेजमधल्या ‘शेत विका’वर ग्रुपातल्या तिघांनी अंगठे दाखवले होते. म्हणून हे लिहितोय.

तर पहिला मुद्दा, विमान आपोआप उडतं.

नाना, तुमच्या विहिरीवरच्या मोटरला ऑटो आहे. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू होते. मग रात्रपाळीच्या लाइटीच्या आठवड्यात दीड वाजता बॅटरी घेऊन, बिबट्याच्या धाकानं मोठ्यानं खोकत, तुम्ही मळ्यात का जाता? कारण ऑटोला एवढंच कळतं की लाइट आली. फिल्टर चोंदला, ठिबकची नळी उंदरानं कुरतडली, विहिरीनं तळ गाठला, हे त्याला कळत नाही. व्हॉल्व्ह बदलायचा तो तुम्हीच.

ऑटोपायलट हा त्या ऑटोचा शिकलेला भाऊ. मुंबई-लंडनच्या साडेनऊ-दहा तासांत बहुतेक वेळ सुकाणू त्याच्याकडेच असतं, हे मी लपवत नाही. पण विमान जमिनीवरून उचलणं आमच्याच हातानं. एअरबसनं डिसेंबर २०१९ मध्ये तुलूझला विमान आपोआप उचलून दाखवलं, पण ती चाचणी होती. उतरणंही बहुतेक वेळा हातानंच. दाट धुक्यात विमान स्वतः उतरू शकतं, पण त्यासाठी धावपट्टीवर तशी यंत्रणा लागते आणि आडवा वारा मर्यादेत लागतो. अशा लॅण्डिंगला आमचे हात मोकळे असतात आणि मान आखडलेली. काही बिनसलं तर विमान पुन्हा वर काढायला सेकंदच मिळतात.

आणि मधले आठ-नऊ तास? तेव्हा आम्ही खिडकीबाहेर बघत असतो असं लोकांना वाटतं. बघतोही. पण डोक्यात एकच प्रश्न फिरत असतो: आत्ता, या क्षणी, एक इंजिन गेलं तर कुठं? आत्ता कोणाच्या छातीत कळ आली तर कुठं? दर अर्ध्या-पाऊण तासाला उत्तर बदलतं. एका विमानतळावर धुकं, दुसऱ्यावर धावपट्टीचं काम, तिसरा रात्री बंद.

उंच डोंगरांवर हा प्रश्न आणखी अवघड होतो. केबिनमधला हवेचा दाब गेला तर प्रवाशांच्या डोक्यावरून मास्क पडतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा-पंधरा मिनिटांच्या आसपासच पुरतो, हे कोणी ऐकलेलं नसतं. तेवढ्यात १०,००० फुटांपर्यंत खाली यायचं. पण खाली हिंदुकुश असेल तर? तिथली शिखरं २०,००० फुटांच्या वर जातात. म्हणून कुठून कोणत्या दरीच्या बाजूला वळायचं आणि किती उंचीपर्यंत उतरायचं, हे निघण्याआधी कागदावर ठरलेलं असतं, आणि त्या पट्ट्यात शिरताना आम्ही दोघं ते पुन्हा एकमेकांना वाचून दाखवतो.

आता ऑटोपायलटचंच बघा. २०२३ च्या सप्टेंबरपासून इराक-इराणच्या बाजूला विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळायला लागले. नकाशावर आपलं विमान भलत्याच गावावर दिसतं, कॉकपिटमधलं घड्याळ चुकतं, आणि ३५,००० फुटांवर असताना यंत्र ‘जमीन आली, वर चला’ म्हणून ओरडायला लागतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, त्यावर परिपत्रक काढलं. गुगल मॅपवर विसंबून गाडी पाटचारीत घातलेले दोघे आमच्याच गावात आहेत. इथं मात्र मागे तीनशे माणसं बसलेली असतात, म्हणून कोणत्या यंत्रावर आता विश्वास ठेवायचा नाही हे माणसानंच ठरवावं लागतं.

आणि यंत्र कधी कधी अंग काढून घेतं. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्यांत १ जून २००९ ला अटलांटिकवर बर्फ साचला. वेगाचे आकडे जुळेनात तसा ऑटोपायलट सुटला. कॅप्टन नियमाप्रमाणे मागे विश्रांतीला गेलेला. काळोखात, गोंधळात, दोघा सहवैमानिकांतल्या एकानं विमानाचं नाक वर ओढून धरलं. साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात गेलं, २२८ माणसं गेली. नळ्यांतला बर्फ मिनिटभरातच वितळला होता. ही मिनिटं आम्हाला सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, परत परत जगायला लावतात. दर सहा महिन्यांनी आमची परीक्षा होते आणि नापास झालं तर घरी बसावं लागतं.

दुसरा मुद्दा झोपेचा. हे अर्धं खरं आहे.

लांबच्या विमानात आम्ही तीन किंवा चार जण असतो. आळीपाळीनं मागच्या बर्थवर झोपायचं, आणि ते झोपणं ड्युटीचाच भाग. मी झोपलो नाही तर उतरताना माझा उपयोग नाही. खुर्चीतल्या खुर्चीत थोडा वेळ डोळे मिटायलाही नियम आहे: एका वेळी एकच, दुसरा पूर्ण जागा, आणि केबिन क्रूला आधी सांगून.

नियमाबाहेरची झोपही लागलेली आहे. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरच्या विमानात दोघंही वैमानिक २८ मिनिटं झोपले, विमान मार्ग सोडून गेलं. त्यावर खूप विनोद झाले. सहवैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी होती, ही गोष्ट विनोदांत आली नाही. मी हसलो नाही, कारण ती वेळ मला माहीत आहे. पहाटे दोन ते सहा. नियमांच्या पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे. नाना, तुम्हाला नावाची गरज नाही. पाणी भरताना चार वाजता बांधावर टेकता, आणि जाग येते तेव्हा चप्पल चिखलात असते, तीच ती वेळ.

सगळ्यात वाईट तास युरोपातून परत येतानाचा. रात्रभर पूर्वेला पळायचं आणि उतरायच्या सुमाराला सूर्य सरळ काचेतून डोळ्यांत. डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं. नेमकं तेव्हाच मुंबईच्या रांगेत लागायचं, वेग कमी-जास्त करत राहायचं, पावसाळा असेल तर ढग चुकवायचे, आणि ओल्या धावपट्टीवर दोनशे टनांहून जड विमान टेकवायचं.

तिसरा मुद्दा, १००० तास. आकडा बरोबर आहे, हिशोब चुकलाय. ही मर्यादा उड्डाणाच्या तासांची आहे: विमान जागेवरून हललं तिथपासून थांबलं तिथपर्यंत. घड कापायला किती वेळ लागतो नाना? दोन मिनिटं. म्हणून केळीचं पीक दोन मिनिटांचं म्हणायचं का? उड्डाणाआधीचा दीड-दोन तास, हवामान आणि इंधनाचा अभ्यास, सिम्युलेटर, फोन आला की निघायचं म्हणून घरी काढलेले स्टँडबायचे दिवस, यातलं काहीच त्या १००० मध्ये येत नाही. मर्यादा आरामासाठी नाही, थकलेल्या माणसाला कॉकपिटपासून लांब ठेवण्यासाठी आहे. २०२५ मध्ये आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लॅण्डिंगवर कडक मर्यादा आली. त्याच वर्षी डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमांत बसतील एवढे वैमानिक वेळापत्रकाला पुरले नाहीत. दिवसाला पावणेतीन तासांचीच नोकरी असती तर विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले नसते.

फुकट जग फिरण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लंडनला पन्नासेक वेळा गेलो असेन, म्युझियम एकदा पाहिलं. बाकी वेळा जाड पडदे ओढून झोपेची आराधना. गावाकडच्या घड्याळानं जेवणाची वेळ होते तेव्हा तिथलं किचन बंद, मग बॅगेतली शेंगदाण्याची चटणी आणि ब्रेड. पार्ट्या म्हणाल तर उड्डाणाआधी १२ तास दारूला हात लावायचा नाही. श्वासाची तपासणी ठरलेली, परदेशातून आलं तर भारतात उतरल्यावर. पहिल्यांदा सापडला तर लायसन्स तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं गेलं. सात वर्षांत कानबाईच्या सणाला मी दोनदा घरी होतो. नैवेद्याचे रोट बाकीच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर पाहिले. हॉटेल मात्र चांगलं असतं, हे कबूल.

आता शेत विकण्याकडे येतो.

मोठ्या विमानाच्या कॅप्टनला मेसेजमधल्या इतका पगार मिळतो, हे खोटं नाही. खोटं आहे ते ‘दीड वर्षात’. आपल्याकडे धुळ्याजवळ गोंदूरला, शिरपूरला आणि आता जळगावलाही प्रशिक्षणाची विमानं घिरट्या घालतात, त्यामुळे पोरांना हे जवळचं वाटतं. चांगलंच आहे. पण २०० तासांचं कमर्शियल लायसन्स हातात येईपर्यंत पन्नास लाखांच्या पुढे खर्च जातो. त्यावर एखाद्या मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, त्याचे आणखी लाखो. मग नोकरीची वाट. लायसन्स घेऊन दोन-तीन वर्षं बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि बँकेचा हप्ता बसत नाही. कॅप्टनच्या लायसन्सला १५०० तास लागतात, आणि ते झाले म्हणून कॅप्टन करतातच असं नाही. शिकतानाचा धोकाही खरा आहे: जुलै २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यात वर्डीच्या बाजूला सातपुड्यात प्रशिक्षणाचं विमान कोसळलं, त्यात प्रशिक्षक गेला.

सगळ्यात मोठी गोष्ट मेडिकलची. ते दरवर्षी द्यावं लागतं. साखर वाढली, हृदयाचा आलेख बिघडला, की पगार थांबतो. शेजारच्या गावातल्या एकानं पोरासाठी दोन एकर गहाण ठेवून फीचा पहिला हप्ता भरला, आणि नंतर मेडिकलला कळलं की पोराला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. तोवर कोणीच तपासलं नव्हतं. पोराला स्वतःलाही माहीत नव्हतं.

नाना, तुमचा नातू अकरावीला आहे. फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही घेतलंय का ते आधी बघा, त्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिवाळीत मी चार दिवस घरी आहे. त्याला घेऊन जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायची तपासणी असते, दहा मिनिटं लागतात. त्यानंतर डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून दुसऱ्या वर्गाचं मेडिकल, मग पहिल्या वर्गाचं. दोन्ही हातात आली की शेताचा उतारा काढा. तोवर ग्रुपवरचे अंगठे मागे घ्यायला सांगा.